आधी झोप, मग लोकल

वेळेच्या नियोजनावरची बहुतेक पुस्तकं ऑफिस घराजवळ असलेल्या माणसासाठी लिहिलेली असतात. पहाटे व्यायाम, मग शांतपणे वाचन, मग दिवसातलं सर्वांत अवघड काम, आणि हे सगळं नऊच्या आत. बदलापूरच्या बेलवलीत राहून दादरला, मस्जिदला किंवा फोर्टात नोकरी करणाऱ्याला नऊच्या आत आंघोळ, डबा आणि लोकल एवढंच जमतं. त्यात त्याचा आळस नसतो. बदलापूर पश्चिमेला, अंबरनाथला, उल्हासनगरला राहणाऱ्या नोकरदारांचा दिवसच वेगळा आहे, आणि त्याची आखणीही वेगळी करावी लागते.

आधी हिशेब मांडू. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. फास्ट मिळाली तरी दीड तासाच्या आसपास, स्लोला त्याहून जास्त. घरून स्टेशनपर्यंत चालणं किंवा शेअर रिक्षा, पुलावरची गर्दी, उतरल्यावर पुन्हा चालणं किंवा बस. दारापासून दारापर्यंत एका बाजूचे दोन तास धरा, म्हणजे जाऊन-येऊन चार. ऑफिसचे जेवणाच्या सुटीसकट नऊ. झाले तेरा. उरलेल्या अकरा तासांतून झोपेचे सात काढले तर हातात चार राहतात. त्या चारांत स्वयंपाक, आंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधं, भाजी, बिलं आणि घरच्यांशी दोन शब्द.

हे चार तास कसेही ढकलले तरी पाच होत नाहीत. म्हणून बहुतेक जण पाचवा तास झोपेतून काढतात. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथेच आहे. दिवसाची आखणी लोकलच्या वेळेपासून करू नका, निजण्याच्या वेळेपासून करा.

पेनसिल्वेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना चौदा दिवस ठरावीक तासच झोपू दिलं, कुणाला आठ, कुणाला सहा, कुणाला चार. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची ताकद पंधरवड्याअखेर एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खाली आली होती. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या माणसांना स्वतःला हे फारसं जाणवत नव्हतं. थोडी पेंग येते, पण काम ठीक चाललंय, असंच त्यांना वाटत होतं. "मला पाच तास पुरतात, सवय झालीय" असं पहाटेच्या गाडीत आपण सगळेच ऐकतो. सवय थकव्याची होते, लक्ष मात्र कमी पडतच राहतं. मग तीच ओळ तीनदा वाचावी लागते, आकडे दोनदा तपासावे लागतात, आणि तासाभराचं काम दीड तास खातं. झोपेतून काढलेला वेळ ऑफिसात असा परत जातो.

तेव्हा हिशेब उलटा करा. समजा तुमची गाडी पावणेसातच्या सुमाराची आहे. सव्वासहाला घर सोडायचं, पाचला उठायचं. मग दहाला दिवे मालवायला हवेत. संध्याकाळी आठला घरी पोचत असाल तर आठ ते दहा हेच तुमचे घरातले तास. ते थोडे आहेत हे एकदा मान्य केलं की काय सोडायचं ते ठरवता येतं. न मान्य केल्यास दहाचे अकरा आणि अकराचे पाऊण कधी होतात ते कळत नाही. पास, ओळखपत्र, छत्री, चार्जर, उद्याचे कपडे हे जेवणाआधीच एका जागी काढून ठेवा. सकाळी शोधाशोधीत जाणारी दहा मिनिटं म्हणजे चुकलेली गाडी. आणि आपल्याकडे एक गाडी चुकणं म्हणजे काही मिनिटांचा उशीर एवढंच नसतं. बसायची जागा जाते आणि पुढचे दोन तास वेगळे होतात.

यावर एक खरी अडचण मांडली जाते, विशेषतः बायकांकडून. दिवसभर सगळ्यांचं करून झाल्यावर रात्री साडेदहा ते बारा हाच एक स्वतःचा वेळ असतो. मोबाइल घेऊन एखादी मालिका पाहायची, मैत्रिणींशी बोलायचं, काहीच करायचं नाही. तोही झोपेला द्यायचा? स्वतःचा वेळ हवाच, त्यात तडजोड नको. फक्त त्याची जागा बदला. तो गाडीत न्या.

गाडीतला वेळ ऑफिसला देऊ नका, असं मी म्हणते तेव्हा अनेकांना ते पटत नाही. रोजचे तीन तास वाया जातात, त्यांत मेल तरी संपवावेत, असा विचार येतो. पण गर्दीत, एका हातानं, मध्येच तुटणाऱ्या नेटवर्कवर लिहिलेला मेल निम्म्या वेळा पुन्हा नीट लिहावा लागतो. शिवाय सकाळी पावणेसातला तुम्ही उत्तर देता हे वरिष्ठांना एकदा कळलं की पावणेसातपासून तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा सुरू होते. पगार नऊ तासांचाच राहतो.

गाडीतल्या वेळाची किंमत तुम्ही बसलेले आहात की उभे, यावर ठरते. बसलेले दीड तास आणि लटकलेले दीड तास एकाच मापानं मोजता येत नाहीत. म्हणून बदलापूरकरानं वेळापत्रक बघताना आधी 'पोचते कधी' हे न पाहता 'सुटते कुठून' हे पाहावं. बदलापूरहूनच सुटणारी लोकल आणि कर्जत-खोपोलीहून भरून येणारी लोकल यांत फार अंतर आहे. वीस मिनिटं आधीची, इथूनच सुटणारी स्लो मिळत असेल आणि तीत बसायला मिळत असेल, तर ती बहुधा जास्त फायद्याची. वीस-तीस मिनिटं घड्याळात जातात आणि बदल्यात दोन तास तुमचे स्वतःचे होतात. अंबरनाथ-उल्हासनगरचे काही जण जागेसाठी उलटे बदलापूरला येतात आणि त्याच गाडीनं परत जातात, ते याच हिशेबानं. इथून चढणाऱ्यांची त्यामुळे चिडचिड होते आणि भांडणंही होतात. पण त्या भांडणाच्या मुळाशी दोन्हीकडच्या लोकांना हवी असलेली एकच गोष्ट आहे, बसून जाणं.

बसायला मिळालंच तर कल्याण येईपर्यंतची वीसेक मिनिटं जपा. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी इथवर अजून कोपर हलवता येतं. छोटी वही काढायची असेल तर याच वेळात. दिवसातली तीन कामं लिहायची, त्यांतल्या पहिल्यावर खूण करायची, घरचं एखादं काम आठवलं तर तेही टिपायचं, आणि वही बंद. डोंबिवलीनंतर तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बसलेल्यालाही वही उघडता येत नाही. तिथून पुढे ऐकणं, झोपणं किंवा गप्पा.

झोपणं यातही कमीपणा मानू नका. पहाटे उठलेल्या माणसानं गाडीत अर्धा तास डोळे मिटले तर त्याचा पुढचा सबंध दिवस सुधारतो. भजनी मंडळवाले टाळ वाजवत जातात, पत्त्यांचा ग्रुप असतो, लेडीज डब्यात गवार मोडली जाते, लसूण सोलला जातो, वाढदिवसाचे केक कापले जातात. यातलं काहीही 'वेळ सार्थकी लावा' म्हणणाऱ्यांच्या यादीत बसत नाही. पण रोज त्याच डब्यात भेटणारी माणसं आजारपणात, कर्जाच्या चिंतेत, मुलीच्या प्रवेशाच्या धावपळीत उपयोगी पडतात. तो वेळ कोर्स ऐकण्यात घालवायलाच हवा असं दडपण कुणी घेऊ नये. लसूण सोलण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, त्याकडे पुढे येते.

ज्यांना काही शिकायचं आहे, विभागीय परीक्षा द्यायची आहे किंवा लिहायचं आहे, त्यांनी एकच विषय घ्यावा आणि महिनोन्महिने तोच धरावा. आपल्या याच रुळांवरून रोज जाणाऱ्या एका नोकरदाराची इथे आठवण होते. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहत, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचं काम करत आणि डेक्कन क्वीननं ये-जा करत. १९३० साली सुरू झालेली ही गाडी कर्जतहून आपल्या बदलापूरवरून, न थांबता, मुंबईकडे जाते. पुणे-मुंबईच्या त्या वर्षांतच, १९५६ साली, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. डेक्कन क्वीनमधली जागा आणि लोकलमधली चौथी सीट यांची बरोबरी होत नाही, आणि कोसंबींची बुद्धीही सगळ्यांना मिळत नाही. पण नोकरीचं गाव एक, राहतं गाव दुसरं आणि अभ्यासाचा विषय तिसराच, असं आयुष्य या मार्गावर पूर्वीही जगलं गेलं आहे, आणि त्यातून भरीव काम उभं राहिलं आहे.

उभ्यानं जावं लागतं त्यांनी मात्र दाराशी उभं राहून मोबाइल हातात धरू नये. तिथे एकच काम, दांडी धरणं. कानात काही ऐकायचं असेल तर आत सरकल्यावर.

आता ऑफिस. दोन तासांच्या प्रवासानंतर जागेवर बसताच बहुतेक जण व्हॉट्सअॅप आणि मेल उघडतात. दिवसातली सर्वांत ताजी पाऊण तासाची शक्ती दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात जाते. त्याऐवजी पाणी प्या, पाच मिनिटं बसा, आणि गाडीत खूण केलेलं पहिलं काम उघडा. एक तास तेच. ज्यांचं काम ग्राहकांसमोरचं, काउंटरवरचं किंवा फोनवरचं आहे त्यांना हा तास सकाळी मिळणार नाही. त्यांनी जेवणानंतरची गर्दी ओसरते ती वेळ शोधावी. प्रत्येक ऑफिसात असा एक शांत तास असतो, आणि तो बहुधा गप्पांत जातो.

कामांच्या मध्ये उड्या मारण्याची किंमत किती असते, यावर सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ साली लिहिलं. एक काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं की मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम उणं होतं. यावर उपाय फार मोठा नाही. काम सोडावंच लागलं, साहेबांनी बोलावलं, फोन आला, तर उठण्याआधी एक ओळ लिहा: 'पान सातवरची बेरीज झाली, पुढे मार्चची बिलं लावायची.' मासिकांपो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की राहिलेल्या कामाची पुढची पायरी नेमकी ठरवली, तरी ते काम मनात घोळणं थांबतं. काम संपायलाच हवं असं नाही. याचा आपल्याला दुहेरी उपयोग आहे. ऑफिस सुटताना उद्याच्या पहिल्या कामाची अशी एक ओळ लिहून निघालात तर परतीच्या गाडीत ते काम डोक्यात राहत नाही.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन माणसाची पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, त्यानं टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ती सुरू केली. कंटाळवाण्या कामाला ती उत्तम. पण जुळवाजुळवीच्या, विचाराच्या कामात पंचविसाव्या मिनिटाला उठणं जिवावर येतं. तिथे पन्नास मिनिटं घ्या. पद्धतीला आपल्या कामाप्रमाणे वळवायचं.

संध्याकाळची लोकल ही खरं तर आपली मोठी मदतनीस आहे. दिलेला वेळ भरून काढेपर्यंत काम फुगत जातं, असं इंग्रज लेखक पार्किन्सन यांनी १९५५ साली 'इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं होतं. ज्याला निघायची ठरलेली वेळ नाही त्याचं काम फुगतं. आपल्याला ती आहे. मात्र ती सहकाऱ्यांना माहीत हवी. 'मी सहाला निघतो, नंतरचं उद्या सकाळी पहिल्या तासात देतो' हे आधी आणि सरळ सांगितलं, आणि सकाळी खरंच दिलं, तर फार थोडे वरिष्ठ अडवतात. आयत्या वेळी, बॅग खांद्याला लावून सांगितलं तर सगळेच अडवतात.

घराकडे येते. इथे नियोजनाचे सल्ले बहुतेकदा चुकीच्या माणसाला दिले जातात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि जे पुरुष असं काम करत होते त्यांचा ९७. म्हणजे बाईचे पाच तास आणि पुरुषाचा दीड. नोकरी करून, लोकलनं चार तास प्रवास करून वर घरकामही करणाऱ्या बाईला वही, अलार्म आणि याद्या देऊन काय होणार? तिचा वेळ वाढवायचा एकच मार्ग आहे. घरातल्या इतरांनी कामं घेणं. लेडीज डब्यात लसूण सोलणाऱ्या हातांबद्दल मला कौतुक आहे, पण तो लसूण आदल्या रात्री टीव्हीसमोर बसून घरातल्या कुणीही सोलू शकतं. तेवढी वीस मिनिटं त्या बाईनं खिडकीबाहेर बघत बसावं.

कामं घेताना पूर्ण घ्यावीत. 'तू सांग, मी करतो' यात सांगण्याची आणि लक्षात ठेवण्याची जबाबदारी तिच्याकडेच राहते, आणि खरा शीण त्याचाच असतो. सकाळचा डबा पुरुषाकडे आला तर रात्री काय भिजवायचं, भाजी आहे का, डबे घासले का, हे सगळं त्याच्याकडे यायला हवं. आजी-आजोबांची औषधं कुणा एकाकडे दिली की संपायच्या आधी आणायचं कामही त्याचंच. दहा-बारा वर्षांच्या मुलांना दप्तर, गणवेश आणि स्वतःचं ताट सांभाळता येतं. सुरुवातीचे काही आठवडे भाजी खारट होईल, गणवेशाला इस्त्री नसेल. त्या दिवसांत काम परत ओढून घेऊ नका.

किरकोळ कामांबद्दल थोडक्यात. मासिक पासऐवजी तीन महिन्यांचा घ्या, मोबाइलवरच काढा. बिलं महिन्यातून एकदाच, एका बैठकीत भरा. बँकेचं, दवाखान्याचं काम बँक उघडी असेल त्या शनिवारी एका फेरीत बसवा. रविवारी मुंबईकडचं काही काढण्याआधी मेगाब्लॉक पाहा. आणि रविवार अर्धा तरी मोकळा सोडा, कोंडेश्वरला जा, नदीकाठी जा, घरी लोळा.

ज्यांना आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करता येतं त्यांनी एक काळजी घ्यावी. प्रवासाचे वाचलेले चार तास लॅपटॉप सहज गिळून टाकतो. सकाळी नेहमीच्या गाडीच्या वेळी लॉगिन आणि रात्री नेहमी घरी पोचायच्या वेळी लॉगआउट, असं चाललेलं मी अनेक घरांत पाहते. त्या चारांतला एक तास झोपेला, एक चालायला किंवा व्यायामाला, आणि उरलेले घराला, हे लिहूनच ठेवा.

शेवटी पावसाळा. २६ जुलै २००५ चा पूर बदलापूर विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. एवढं टोक दर वर्षी गाठलं जात नाही, पण जून ते सप्टेंबर गाड्या उशिरा धावणार, बेलवलीच्या भुयारी मार्गात पाणी साचलं की वळसा पडणार, हे ठरलेलंच आहे. मग या चार महिन्यांचं नियोजन वेगळंच असावं. महत्त्वाची मीटिंग सकाळी पहिल्या तासात ठेवू नका. मुलांना शाळेतून कोण आणणार याचं दुसरं, आणि शक्य तर तिसरं नाव ठरवून ठेवा. बॅगेत कोरडे मोजे, थोडा खाऊ आणि भरलेली पॉवर बँक ठेवा. गाडी तास-तास उभी राहिली तर चिडून उपयोग नसतो. त्या वेळेसाठी एखादं पुस्तक किंवा ऐकायचं काही आधीच मोबाइलवर उतरवून ठेवा.

आणि ऑफिसची वेळ बदलून मागा. आपल्यातले फार कमी जण हे करतात. महाराष्ट्र शासनानं २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला आणि रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा केली. वेळा दगडावर कोरलेल्या नसतात हे त्यातून दिसतं. खासगी ऑफिसात साडेआठ ते साडेपाच किंवा अकरा ते आठ मागता येतं. गर्दीच्या ऐन वेळेआधी किंवा नंतर प्रवास झाला की बसायला मिळतं, आणि वर सांगितलेलं निम्मं आपोआप साधतं. मागताना त्रासाचं वर्णन थोडक्यात करा आणि कामाची व्यवस्था सविस्तर सांगा: कोणत्या वेळेत मी हमखास जागेवर असेन, माझ्या गैरहजेरीच्या तासात तातडीचा फोन कोण घेईल, महिनाभर करून पाहू आणि मग ठरवू. तोंडी होकार मिळाला तरी मेल करून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर असे अर्ज एकदम गोळा होतात, म्हणून मे महिन्यातच बोला, आणि महिनाअखेरीस पुन्हा भेटण्याची तारीख त्या मेलमध्येच लिहून टाका.